उष्ट्याचे वाटेकरी

वैतरणा नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे खाडीच्या उत्तर तीरावर दातिवरे आणि समोर दक्षिणेस अर्नाळ्याचा जलदुर्ग, अशी या मुलखाची रचना आहे. पालघर तालुक्याचा हा किनारा मुख्यत्वे मासेमारीवर जगतो. आणि जेथे मासळी उतरते, वाळते आणि शिजते, तेथे कुत्र्यांचा वावर हा ठरलेलाच. सकाळी होड्या लागल्या की वाळूवर येऊन बसणारी, दुपारी ओटीच्या सावलीत पडून राहणारी आणि रात्री भांडी घासायला निघाली की मागील दारी हजर होणारी ही कुत्री कोणा एकाच्या मालकीची नसली, तरी त्यांना बेवारस म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. कारण प्रत्येकाची आळी ठरलेली, ओटा ठरलेला आणि ज्या घरच्या उष्ट्यावर त्याचा हक्क गावाने मुकाट्याने मान्य केला आहे ते घरही ठरलेले असते. त्या घरात जे शिजते तेच, थोड्या उशिराने आणि थोड्या कमी प्रमाणात, त्याच्या पोटात जाते.

या व्यवस्थेला एका समजुतीचा आधार आहे, आणि ती समजूत अशी की कुत्र्याला सगळे पचते. आजोबांच्या काळापासून दारचे कुत्रे कालवण-भात खात आले, त्याला काही झाले नाही, मग आजच्या कुत्र्याला काय होणार, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरात ऐकावयास मिळतो. हा युक्तिवाद अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्यात सत्याचा मोठा अंश आहे. तथापि ज्या ठिकाणी तो फसतो, त्या ठिकाणी तो कुत्र्याच्या प्राणावर बेततो. आणि तो का फसतो याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. काही अन्नपदार्थ कुत्र्याच्या शरीरात जी हानी करतात, ती खाल्ल्याबरोबर दिसत नाही. कोठे अर्धा तास जातो, कोठे दिवस, कोठे आठवडा. आणि जेथे हा काळ लांबतो तेथे परिणामाचे कारण घरातल्या माणसांच्या ध्यानातून निसटते. चौथ्या दिवशी निपचित पडलेल्या कुत्र्याकडे पाहून रविवारच्या कांद्याची आठवण कोणासही होत नाही.

प्रथम सत्याचा अंश पाहू. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला तरी माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षे काढल्यामुळे त्याच्या देहात पिष्टमय अन्न पचविण्याची जी शक्ती आली, ती लांडग्यात नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, पिष्ट पचविणारे अमायलेज हे विकर ज्या जनुकामुळे स्वादुपिंडात तयार होते, त्या जनुकाच्या लांडग्यात बहुधा २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. दातिवऱ्याचा कुत्रा भात आणि तांदळाची भाकरी खाऊन जगतो तो या वारशावर. पिष्टाच्या बाबतीत तो आपल्यासारखा झाला. इतर पुष्कळ बाबतींत मात्र झाला नाही, आणि त्याचे यकृत, त्याचे मूत्रपिंड व त्याच्या तांबड्या पेशी अजूनही त्यांच्या स्वतःच्या नियमांनी चालतात.

आपल्या परंपरेनेही कुत्र्याला अन्नाचा भागीदार मानले आहे. श्राद्धाच्या पंचबलींत गाय, कावळा आणि मुंगी यांच्याबरोबर श्वानाचाही घास काढून ठेवावयाचा असतो. कोरडी पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव तर महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहेत. आता आधुनिक पशुवैद्यकाच्या दृष्टीने पाहता, नामदेवांच्या त्या पोळीत आणि बेताच्या तुपात कुत्र्यास विषारी असे काहीही नव्हते. आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असल्यामुळे, अगदी निराळ्या कारणासाठी का होईना, श्वानबलीचा तो घासही बव्हंशी निर्धोक असे. (खिरीत बेदाणे घातले असतील तर मात्र नव्हे, त्याचे विवेचन पुढे येईल.) धोका आहे तो रोजच्या, चमचमीत, मसालेदार उष्ट्यात.

त्या उष्ट्यातील पहिला आरोपी कांदा. मासळीचे कालवण असो वा कोंबडीचा रस्सा, भाजलेला कांदा आणि सुके खोबरे यांचे वाटण त्याच्या मुळाशी असते, आणि वाटणात कांदा डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नाहीसा झालेला नसतो. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे सत्त्व दाटलेले असते. कांदा, लसूण, पातीचा कांदा या एकाच कुळातील वनस्पतींत गंधकाची जी संयुगे असतात, ती शिजविल्याने वा वाळविल्याने नष्ट होत नाहीत. कुत्र्याच्या रक्तात ती पोहोचली म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनाचे ऑक्सिडीकरण घडवून आणतात; बिघडलेल्या हिमोग्लोबिनाचे लहान लहान गोळे पेशीच्या कडेला जमतात, आणि जर्मन संशोधक हाइन्झ यांनी १८९० मध्ये प्रथम वर्णिलेले हे गोळे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. अशा पेशी प्लीहेस निरुपयोगी वाटतात, त्या फुटतात वा काढून टाकल्या जातात, आणि कुत्र्याच्या अंगात रक्त असूनही ते रक्ताचे काम करीनासे होते. कांद्याने कुत्र्यांस पांडुरोग होतो हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील सेब्रेल यांनी १९३० मध्येच प्रयोगांनी दाखवून दिले होते. म्हणजे हे ज्ञान काही कालपरवाचे नव्हे.

प्रमाणाचा हिशेब करावयाचा तर आपल्याकडील गावठी कुत्र्याचे वजन १५ किलो धरू. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात गंभीर बदल झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे या कुत्र्याच्या बाबतीत सुमारे पाव किलोपासून पुढे. एवढा कांदा एका जेवणाच्या उष्ट्यात सहसा नसतो, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या काही झाले नाही असे वाटते. परंतु लग्नाच्या किंवा हळदीच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा मोठ्या पातेल्यातील उरलेला रस्सा मागील दारी ओतला जातो आणि तीन-चार कुत्री त्यावर तुटून पडतात, तेव्हा हा आकडा दूरचा राहत नाही. शिवाय थोडाथोडा कांदा रोज पोटात गेला तरी तांबड्या पेशींची झीज रोजच होते, आणि ती भरून निघण्याआधी पुढील घास येतो. लसूण वजनागणिक कांद्याहून तीव्र असतो. लक्षणे दिसू लागण्यास एक दिवसापासून चार-पाच दिवसांपर्यंत अवधी लागतो: हिरड्या फिकट पडतात, श्वास जलद होतो, कुत्रे चालता चालता बसते आणि मूत्राचा रंग तांबूस-तपकिरी होतो. गावात याला बहुधा ‘उन्हाचा त्रास’ म्हणतात. हिरडी उलटून पाहण्याची सवय असती तर पुष्कळ कुत्री वाचली असती असे मला वाटते.

यानंतरचा पदार्थ असा की, दहा वर्षांपूर्वी कोणी त्याचे नाव या यादीत घातले असते तर तज्ज्ञांनीही विश्वास ठेवला नसता, आणि आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने तर तो सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याची कथा द्राक्षांपासून सुरू होते. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील प्राणी-विषबाधा केंद्राच्या दप्तरात अशी प्रकरणे जमू लागली की, द्राक्षे किंवा बेदाणे खाल्लेली धडधाकट कुत्री प्रथम ओकली आणि पुढील दोन-तीन दिवसांत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००१ मध्ये या केंद्रातील विषतज्ज्ञांनी पशुवैद्यकीय नियतकालिकातून इशारा दिला. पण द्राक्षात नेमके विष कोणते याचा पत्ता वीस वर्षे लागला नाही. कीटकनाशके तपासली, बुरशी तपासली, जड धातू तपासले. हाती काही आले नाही. एखादे कुत्रे ओंजळभर द्राक्षे खाऊन खेळत राही, दुसरे थोड्या बेदाण्यांनी मरे, आणि या विसंगतीमुळे कित्येकांनी सगळाच प्रकार अतिरंजित ठरविला.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरातून. द्राक्षरसाच्या पिंपांत जमणाऱ्या क्षारापासून बनविलेली, टार्टारिक आम्लयुक्त अशी एक पांढरी भुकटी पाश्चात्त्य घरांत पिठात मिसळण्यासाठी वापरतात. ती मुलांच्या खेळण्याच्या मळलेल्या पिठातून एका कुत्र्याच्या पोटात गेली आणि त्याची मूत्रपिंडे हुबेहूब द्राक्षबाधेसारखीच बिघडली. विषतज्ज्ञांनी जुनी दप्तरे या दृष्टीने पुन्हा चाळली, तेव्हा चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तेच आढळले. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते आणि त्याचे प्रमाण जात, हवामान व पक्वता यांनुसार बदलते, म्हणूनच विषबाधेत एवढी विसंगती दिसत होती. चिंचेत तर हे आम्ल द्राक्षाच्या कितीतरी पट अधिक असते. २०२१ आणि २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका हे आम्ल बाहेर टाकू शकतात, कुत्र्याच्या नलिकांत ते वाहून नेणारी यंत्रणा दुबळी असल्याने ते पेशींत साचते आणि त्या पेशींचा नाश करते, असे आज मानले जाते.

आता दातिवऱ्याच्या चुलीकडे पाहा. कालवणाला आंबटपणा येतो तो चिंचेच्या कोळाने, आणि कोळ काढून झाल्यावर उरलेला चोथा उकिरड्यावर किंवा परसात पडतो. एका घासातील कालवणात जी चिंच असते तिने कुत्रे दगावेल असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणून लोकांस घाबरविणे मला योग्यही वाटत नाही. परंतु मीठ घालून वर्षभरासाठी साठविलेला चिंचेचा गोळा, चिंच-गुळाची चटणी, किंवा मुलांच्या हातून पडलेल्या चिंचगोळ्या जर कुत्र्याने गिळल्या, तर त्या घटनेस द्राक्षबाधेइतकेच गांभीर्याने घेतले पाहिजे. बेदाण्यांचेही तसेच. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण केल्यावर कोळीवाड्यांत घरोघर नारळीभात शिजतो, आणि त्यात बेदाणे सढळ हाताने पडतात. दर किलो वजनामागे तीन ग्रॅमहून कमी बेदाण्यांनीही मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद आहे. १५ किलोच्या कुत्र्यास म्हणजे जेमतेम मूठभर. गोड भात कुत्री आवडीने खातात, सण आनंदाचा असतो, दारच्या मुक्या जिवालाही गोडधोड मिळावे ही भावना अस्सल असते. म्हणूनच बेदाणे घालण्यापूर्वी साधा भात त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवला तर त्या भावनेत तिळमात्र उणेपणा येणार नाही.

मिठाचा विचार किनाऱ्यावर स्वतंत्रपणे करावा लागतो. उन्हात दोरांवर टांगून वाळविलेला बोंबील हा बहुधा मिठाशिवाय वाळतो आणि तो कुत्र्याने चोरला तर मालकाचे नुकसान होते, कुत्र्याचे फारसे नाही. खारवलेल्या माशांची गोष्ट निराळी. त्यांच्या वजनात मिठाचा वाटा मोठा असतो. वजनाच्या दर किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेल्यास कुत्र्यास विषबाधा होऊ शकते आणि सुमारे ४ ग्रॅम प्राणघातक ठरू शकते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वैशाखाच्या दुपारी, गोडे पाणी कोठेच न मिळालेले १५ किलोचे कुत्रे जर तहानेने समुद्राचे पाणी पीत सुटले, तर ते थेट या मर्यादेत शिरते. रक्तातील मीठ वाढले की मेंदूतील पेशींचे पाणी शोषले जाते, कुत्रे लडखडते, थरथरते, त्यास झटके येतात. यावर गोडे पाणी वेळेवर आणि थोडे थोडे मिळणे एवढाच बचाव असतो. झटके येऊ लागल्यावर एकदम भरपूर पाणी पाजणे उलट मेंदूस सूज आणते. मासळी वाळविण्याच्या आवारात पाण्याचे एक मडके वा कुंडी भरून ठेवणे हा खर्चाचा प्रश्न नाही.

येथे मला थोडे उत्तरेकडे जावयाचे आहे, कारण कुत्र्याच्या अन्नाचा प्रश्न हा केवळ कुत्र्याचा नसतो हे ज्या घटनेने सिद्ध केले, ती पालघर जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या आदिवासी जिल्ह्यांत १९७४ च्या शरद ऋतूत घडली. त्या वर्षी मक्याचे पीक अवेळी पावसात भिजले, ओले कणीसच साठविले गेले आणि त्यावर बुरशी चढली. गरीब घरांत दुसरे धान्य नव्हते. तोच मका दळून भाकऱ्या झाल्या. काही आठवड्यांत माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी साचू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत ३९७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी १०६ मरण पावले. मक्यात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले, दर किलोस ६ ते १५ मिलिग्रॅम इतके. आणि तपास करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली: त्याच घरांतील भाकरीचे तुकडे खाणाऱ्या गावच्या कुत्र्यांना हाच रोग झाला होता, त्यांचीही पोटे पाण्याने फुगली होती, आणि माणसांच्या आधी ती आजारी पडली होती.

त्या वेळी कोणी कुत्र्यांच्या फुगलेल्या पोटांकडे पाहून धान्य तपासले असते तर, हा विचार त्या अहवालांची माहिती वाचताना माझा पाठलाग सोडीत नाही. अफ्लाटॉक्सिनचा शोधही जनावरांच्याच मृत्यूतून लागला होता. १९६० मध्ये इंग्लंडात बुरसटलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा. हे विष शिजविल्याने वा भाजल्याने नाहीसे होत नाही. पालघरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, त्यात शेंगदाणे, मका, शिळी भाकरी, पाव यांवर बुरशी धरण्यास फार दिवस लागत नाहीत. आणि माणसाने खाण्यास नको म्हणून जे बाजूला काढले, ते कुत्र्याला घालावे हा घरोघरचा शिरस्ता आहे. हिरव्या-काळ्या बुरशीचा पाव वा भात कुत्र्याला घालणे थांबविले पाहिजे, त्यास अपवाद नाही. काही बुरशींची विषे यकृताऐवजी मज्जासंस्थेवर काम करतात आणि खाल्ल्यावर काही तासांतच अंगास कंप सुटतो. निदान तेथे कारण लवकर ध्यानात येते. यकृत मात्र आठवडेच्या आठवडे तक्रार करीत नाही.

जुन्या दातिवऱ्यास ठाऊक नसलेले दोन पदार्थ गेल्या दोन पिढ्यांत या भागात आले. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, वसाहतींमधून आणि सफाळे-विरारच्या रेल्वेने नवे खाद्य गावोगाव पोहोचले, आणि वाढदिवसाचा केक व चॉकलेट हे आता कोणत्याही पाड्यावर नवलाईचे राहिलेले नाही. चॉकलेटातील थिओब्रोमीन माणसाच्या शरीरातून निम्मे बाहेर पडण्यास सहा ते दहा तास लागतात, कुत्र्याच्या शरीरातून सुमारे साडेसतरा तास; त्यामुळे ते हृदयावर आणि मज्जासंस्थेवर दीर्घकाळ आघात करीत राहते. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपासून अस्वस्थता व ओकारी, ४० ते ५० पासून हृदयाचे ठोके बिघडणे आणि ६० पासून झटके, असा त्याचा चढता क्रम आहे. दुधाळ चॉकलेटाच्या एका ग्रॅमात सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असते, काळ्या कडू चॉकलेटात सुमारे ५, आणि कोको भुकटीत २० वा अधिक. म्हणजे आपल्या १५ किलोच्या कुत्र्यास दुधाळ चॉकलेटाची दीडशे ग्रॅमची वडी जो त्रास देईल, तोच त्रास कोको भुकटीच्या १५ ग्रॅमने होईल. फ्लॅटमध्ये पाळलेल्या तीन-चार किलोच्या कुत्र्याचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. चहाच्या चोथ्यातील कॅफिनही याच कुळातले.

दुसरा पदार्थ म्हणजे झायलिटॉल, साखररहित च्युइंगममध्ये आणि काही टूथपेस्टमध्ये गोडीसाठी घातला जाणारा घटक. माणसास तो निरुपद्रवी; कुत्र्याचे स्वादुपिंड मात्र त्यास साखर समजून इन्सुलिनाचा लोंढा सोडते आणि अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर कोसळते. दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही हे घडते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती असते. या प्रकरणातील सर्वांत घाईचे विष हेच.

इतर गोष्टी थोडक्यात. ताडी आंबते, आणि आंबलेल्या ताडीतील मद्य कुत्र्यास माणसाहून कितीतरी कमी मात्रेत बेशुद्ध करते. गंमत म्हणून ती पाजणारे महाभाग सर्वत्र आहेत, आणि ही गंमत क्रूर आहे. यीस्ट घातलेले पावाचे कच्चे पीठ पोटाच्या उबेत फुगतही राहते आणि मद्यही तयार करते. शिजलेल्या कोंबडीच्या हाडांच्या टोकदार कपच्या होतात व त्या आतड्यास भोक पाडतात; शिंगाळ्याचा करवती काटा टाळ्यात वा घशात रुततो. केळव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांनी फेकलेली, दाणे खाल्लेली मक्याची कणसे आणि उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी गिळून आतड्यात अडकतात, आणि तेथे शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. तळणीचे उरलेले तेल भातावर ओतून घातले तर एखाद्या कुत्र्याच्या स्वादुपिंडास तीव्र दाह होतो. जाळ्यात आलेला केंड मासा मच्छीमार स्वतः खात नाहीत; तो वाळूवर टाकू नये, कारण त्यातील विषावर उतारा नाही.

मग कुत्र्याला घालावे काय? मीठ-मसाला घालण्यापूर्वी बाजूला काढलेला भात, साधी भाकरी, काटे काढून उकडलेली मासळी, उकडलेले अंडे, उकडलेला लाल भोपळा. कालवण शिजविताना मासळीची डोकी-शेपट्या वेगळ्या पातेलीत नुसत्या पाण्यात उकडून, मऊ मांस सोडवून भातात कालविली तर घरचे काही कमी होत नाही. हे सांगणे सोपे आणि रोज करणे कष्टाचे आहे याची मला जाणीव आहे. चुलीशी दिवसभर उभ्या असलेल्या बाईवर आणखी एक काम टाकण्यापूर्वी घरातील इतरांनी ते उचलावे हे बरे.

कुत्र्याने काही खाल्लेच, तर पहिला विचार वेळेचा करावयाचा. पदार्थ पोटात जाऊन साधारणतः दोन तासांच्या आत पशुवैद्य औषधाने ओकारी करवू शकतात, त्यानंतर त्याचा उपयोग घटत जातो. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रघात सर्वस्वी सोडून द्यावा; एका विषावर दुसरे विष घालण्यासारखेच ते आहे, आणि गुंगीत असलेल्या कुत्र्याला काहीही पाजले तर ते फुप्फुसात जाते. दुधाने कोणतेही विष उतरत नाही. माणसांची पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन ही औषधे देऊ नयेत, ती स्वतःच घातक आहेत. झायलिटॉलाची शंका असेल आणि कुत्रे लडखडत असेल, तर हिरड्यांवर मध वा साखरेचे पाणी चोळीत दवाखाना गाठावा.

पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो प्रथम फिरवावा. अवघड प्रसंगी सफाळ्याहून रेल्वेने वा रस्त्याने मुंबईस जाण्याची तयारी ठेवावी लागते. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. जाताना वेष्टनाचा कागद किंवा उरलेला पदार्थ, ओकारीत काय पडले त्याचा नमुना, कुत्र्याचे अंदाजे वजन आणि खाल्ल्याची वेळ एवढे बरोबर न्यावे. बेदाणे, द्राक्षे वा चिंच पोटात गेली असल्यास ओकारी थांबून कुत्रे खेळू लागले तरी डॉक्टरांना मूत्रपिंडांसाठी रक्ताची तपासणी पहिल्या दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी करावयास सांगावे. कांदा-लसणाच्या बाबतीत सात दिवसांपर्यंत रोज सकाळी हिरडीचा रंग पाहावा आणि तो फिकट दिसला तर त्याच दिवशी निघावे.